पहिली क्रूझ सफर: मुंबईच्या धक्क्यावरून निघण्याआधी आणि निघाल्यावर

सहल म्हटली की आपल्या अंगवळणी सहा-सात-आठ पडलेलं असतं. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. क्रूझवर यातलं काहीच होत नाही. कोणी उठवायला येत नाही, बस सुटत नाही, आणि दिवसभरात 'बघायचं' असं फारसं काही नसतं. पुढे पाणी, मागे पाणी. हे आधी ठाऊक असलेली माणसं मजेत राहतात. ज्यांना ठाऊक नसतं ती दुसऱ्या दिवशी दुपारी लॉबीतल्या सोफ्यावर बसून एकमेकांना "आता काय?" विचारताना दिसतात. क्रूझ म्हणजे हलणाऱ्या ठिकाणी केलेला मुक्काम आहे असं धरून चाला, म्हणजे जहाज, केबिन आणि खर्च यांबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हा लेख मुख्यतः मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझबद्दल आहे. मराठी घरातल्या अनेकांची पहिली क्रूझ हीच असते. गोवा किंवा लक्षद्वीपच्या सफरीला पासपोर्ट लागत नाही, विमानाचा खर्च नाही, आणि नाहीच जमलं तर नुकसान दोन-तीन रात्रींचंच.

आधी जहाज समजून घ्या

मुंबईहून नियमित चालणारी मोठी क्रूझ म्हणजे कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस'. सेवा सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झाली, पण जहाज नवं नाही. 1990 मध्ये फ्रान्समध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने ते बांधलं गेलं आणि पुढे बरीच वर्षं रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होतं. लांबी सुमारे 210 मीटर, डेक अकरा. हे सांगायचं कारण असं, की आपण यूट्यूबवर बघतो ती जहाजं वेगळी असतात. 2024 मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' जवळजवळ 365 मीटर लांब आहे. त्याच्यावरच्या घसरगुंड्या आणि वॉटर पार्क बघून मुंबईचं तिकीट काढलंत, तर पहिल्याच संध्याकाळी तोंड वाकडं होईल. इथे पोहण्याचा तलाव आहे, थिएटर आहे, कॅसिनो आहे, मुलांना खेळायला जागा आहे. सगळं आटोपशीर. पहिल्या अनुभवाला मला हे बरंच वाटतं. तासाभरात जहाज पाठ होतं आणि नातवंडं हरवत नाहीत.

सफरी साधारण तीन तऱ्हांच्या असतात. एक, कुठल्याच बंदराला न लागता समुद्रात फिरून परत येणारी. दुसरी मुंबई-गोवा-मुंबई. तिसरी लक्षद्वीपची. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर पहिल्या प्रकारची, त्यातही शनिवार-रविवारची सफर टाळा असं मी स्पष्ट सांगेन. तिथे ऑफिसातले आणि कॉलेजातले गट पार्टीसाठी येतात आणि रात्री दोनलाही कॉरिडॉरमध्ये जाग असते. तुम्हाला तेच हवं असेल तर मात्र तीच निवडा. कुटुंबासाठी आठवड्याच्या मधल्या वारांची गोव्याची सफर उत्तम.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. कोकण किनारा बघायला म्हणून ही क्रूझ घेऊ नका. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट बंदरं घेत घेत जायची. आताचं जहाज किनाऱ्यापासून दूर राहतं आणि बराचसा पल्ला रात्रीच कापतं. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्यासमोरून तुम्ही जाता ते झोपेत किंवा जेवताना. मुंबई ते मुरगाव हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा. जहाज ताशी पंधरा मैलांनी चाललं तरी पंधरा तास लागतात.

हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र सर्वांत शांत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काढत नाहीत. त्या दिवसांत अरबी समुद्रात हौसेने जायची वेळ आपल्यावर यायचं कारण नाही.

केबिन: कुठे पैसे घालायचे, कुठे नाही

केबिनचे प्रकार सगळीकडे सारखेच. इंटिरियर म्हणजे खिडकी नसलेली, ओशन व्ह्यू म्हणजे न उघडणारी काचेची खिडकी असलेली, मग बाल्कनीवाली, आणि त्यावर स्वीट. एम्प्रेससारख्या जुन्या जहाजावरच्या साध्या केबिन लहान असतात. दहा बाय बाराची खोली डोळ्यासमोर आणा आणि तिच्यातून थोडी जागा आणखी कमी करा. तिसरी-चौथी व्यक्ती असेल तर तिचा बिछाना भिंतीतून किंवा छतातून खाली येतो, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा. साठीच्या काकांना तिथे चढवू नका.

इंटिरियर केबिन स्वस्त, पण दिवा मालवला की मिट्ट काळोख. सकाळ झालीय की नाही ते घड्याळातच बघावं लागतं. फक्त झोपायला आणि अंघोळीला खोली लागणार असेल तर चालून जाईल. बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी मात्र खिडकीचे पैसे भरावेतच. ओशन व्ह्यू घेताना एक प्रश्न विचाराच: खिडकीसमोर लाइफबोट येते का? काही केबिनच्या काचेबाहेर समुद्राऐवजी केशरी होडीची पाठ दिसते. अशी केबिन थोडी स्वस्त असते, आणि माहीत असून घेतली तर काही बिघडत नाही.

जागेचा विचार प्रकारापेक्षाही महत्त्वाचा आहे. जहाज टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त डुलतं, मध्यभागी आणि खाली कमी. ज्यांना एसटीत घाट लागतो त्यांनी खालच्या डेकवरची मधली केबिन मागावी. मागच्या टोकाला इंजिनाची थरथर जाणवते. डेकचा नकाशा कंपनीच्या वेबसाइटवर असतो. आपल्या केबिनच्या डोक्यावर काय आहे ते त्यात बघा. वर नाइट क्लब असेल तर धडधड तुमच्याच छतात.

बाल्कनी घेणार असाल तर बाजूही बघा. मुंबईहून दक्षिणेला जाताना सूर्यास्त उजव्या हाताला होतो आणि किनारा डाव्या हाताला राहतो. परतीला याच्या उलट.

तिकिटाचा आकडा आणि खरा खर्च

जाहिरातीत दिसतो तो दर माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतो. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क (म्हणजे टिप) आणि जीएसटी चढतो. 'मुलं फुकट' या योजनेतसुद्धा मुलांचं बंदर शुल्क आणि कर बहुधा भरावे लागतात. एकट्याने जाणाऱ्याला जवळपास दोघांचे पैसे पडतात. म्हणून दोन एजंटांचे दर ताडून बघायचे तर पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरचा आकडा घ्या, पोस्टरवरचा नको. रद्द केल्यास किती कापणार तेही तिथेच वाचा. तारीख जवळ येईल तशी कपात वाढत जाते.

तिकिटात राहणं, मुख्य जेवणं, तलाव आणि बरेचसे कार्यक्रम येतात. दारू, कोल्ड्रिंक, खास रेस्टॉरंट, स्पा, वायफाय, बंदरावरच्या सहली आणि फोटो बहुतेक वेळा वेगळे. शोपैकी काहींना वेगळं तिकीट असू शकतं. जहाजावर रोख चालत नाही. केबिनची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे दाखवायचं आणि हिशेब शेवटी. सुरुवातीला क्रेडिट कार्ड जोडतात किंवा रोख अनामत भरून घेतात. अडचण इथेच होते. खिशातून नोट जात नाही, त्यामुळे खर्च जाणवत नाही. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद करून घ्या आणि रोज एकदा रिसेप्शनवर किंवा टीव्हीवर बिल बघा.

फोनचं एक वेगळं सांगायला हवं. जहाजाने बंदर सोडलं की काही वेळाने किनाऱ्याची रेंज जाते आणि कित्येक जहाजांवर उपग्रहाचं स्वतःचं नेटवर्क फोनला पकडतं. ते महागडं रोमिंग असतं. धक्क्यावरच फोन फ्लाइट मोडवर टाका आणि हवं असेल तर वायफाय घ्या. वायफायवर व्हॉट्सॲप चालतं, ऑफिसची व्हिडिओ मीटिंग चालेलच असं नाही. घरी आधीच सांगून ठेवा की फोन लागणार नाही, म्हणजे आई काळजी करत बसणार नाही.

बॅगेत काय, बॅगेबाहेर काय

इस्त्री, किटली, मेणबत्ती, अगरबत्ती, चाकू, बाहेरची दारू यांतलं काहीही नेऊ नका. समुद्रावर सर्वांत मोठी भीती आगीची, म्हणून नियम कडक. रोज दिवा लावणाऱ्यांनी एवढे दिवस हात जोडून भागवावं. घरून आणलेले लाडू-चिवडे बहुतेक कंपन्या चालवून घेत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं त्याला अपवाद. एक्स्टेंशन बोर्डावरही अनेक ठिकाणी बंदी असते. त्यापेक्षा पॉवर बँक न्या.

आता न्यायच्या वस्तू. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख, कारण सुती कपड्यांत तलावात उतरू देत नाहीत. रात्री डेकवर वारा असतो, म्हणून मे महिन्यातसुद्धा एक स्वेटर किंवा शाल. न घसरणाऱ्या चपला. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक त्यांना मस्त चिकटतात. ओला टॉवेल, टोपी, पिशव्या सगळं टांगून जमीन मोकळी राहते. आणि संकोच न करता लिहितो: परदेशी बनावटीच्या जहाजांत टॉयलेटला जेट असेलच असं नाही. बॅगेत प्लास्टिकचा एक छोटा मग असू द्या. तिथलं फ्लश विमानासारखं जोरात ओढून घेणारं असतं, त्यात कागदाशिवाय काही टाकू नका.

औषधं, चष्मा, ओळखपत्र, बदलायला एक जोडी कपडे आणि पोहण्याचा पोशाख खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग धक्क्यावर टॅग लावून ताब्यात घेतात आणि ती केबिनच्या दाराशी यायला काही तास लागू शकतात. तोवर मुलं तलावाच्या काठावर कोरडीच उभी राहायला नकोत.

चढण्याचा दिवस

निघण्याच्या एक-दोन दिवस आधी वेब चेक-इन करून बोर्डिंग पासची प्रिंट काढा. ओळखपत्र मूळच लागतं: आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, लहान मुलांचंही. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं इथेच अडतं, ते आधीच दुरुस्त करून घ्या. अवघडलेल्या बाईला बहुतेक कंपन्या चोविसाव्या आठवड्यानंतर घेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळही नाही.

मुंबईची क्रूझ बॅलार्ड पियरच्या बाजूने सुटते. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं. सीएसएमटीहून टॅक्सीने थोडक्यात पोहोचता, मात्र टॅक्सीवाल्याला 'भाऊचा धक्का' सांगू नका. तो वेगळा, पार माझगावला. पासवर नेमकं कुठलं गेट लिहिलंय ते दाखवा. पुण्याहून येणाऱ्यांना डेक्कन क्वीन सोयीची: सकाळी सव्वासातला निघून साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी. गाडी उशिरा आली तरी दुपारच्या बोर्डिंगला वेळ उरतो. नागपूर-संभाजीनगरच्या मंडळींनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. जहाज कुणासाठी थांबत नाही.

दिलेल्या वेळेच्या सुरुवातीलाच जा. गर्दी कमी असते, आणि वर पोहोचल्यावर जेवण सुरूच असतं. रांग, सामानाचा एक्स-रे, फोटो, कार्ड, आणि मग जहाजाचा जिना. गुडघे दुखणाऱ्यांनी व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेवावी.

जहाज सुटायच्या आधी सुरक्षा ड्रिल होतं. ते चुकवता येत नाही. पूर्वी हे ड्रिल प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत केलं तरी चालायचं. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडलं, 32 जण गेले, आणि त्या संध्याकाळी चढलेल्या कित्येकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. आता आंतरराष्ट्रीय नियमानुसार ते निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घ्यावं लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा. आपलं जमण्याचं ठिकाण कार्डावर छापलेलं असतं. केबिनपासून तिथवर एकदा जिन्याने चालून बघा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते.

ड्रिल झालं की थेट वरच्या मोकळ्या डेकवर, उजव्या हाताला. गेटवे, ताज, मग कुलाब्याचं टोक आणि प्राँग्जचा दीपस्तंभ हे सगळं पाण्यावरून बघायला मिळतं. पुढे डावीकडे खांदेरी. मला मात्र सर्वांत आवडतो तो पायलटचा उतरण्याचा क्षण. बंदरातून जहाज बाहेर काढताना कप्तानाच्या सोबत बंदराचा पायलट असतो. खोल पाण्यात आल्यावर एक छोटी बोट जहाजाला चिकटून धावू लागते, जहाजाच्या कडेवरून लाकडी पायऱ्यांची दोराची शिडी सोडतात आणि तो माणूस चालत्या जहाजावरून तिच्यावरून खाली उतरतो. शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबतो, बोट लाटेबरोबर वर येईपर्यंत वाट बघतो, आणि पाऊल टाकतो. बहुतेक लोक तेव्हा बुफेच्या रांगेत असतात.

बोट लागली तर

एवढं मोठं जहाज हिवाळ्यात फार डुलत नाही. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डुलणं बरंच कमी करतात. तरी पहिल्या रात्री डोकं जड होणं, जांभया येणं, तोंडाला पाणी सुटणं हे काहींना होतंच. गोळी घ्यायची ती त्रास सुरू होण्याआधी, उलटी व्हायला लागल्यावर तिचा उपयोग कमी. ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

उपाशी राहू नका, पण पहिल्या रात्री तळणीवरही तुटून पडू नका. आलेपाकाची वडी किंवा कोरडी बिस्किटं खिशात असू द्या. मळमळलं तर केबिनमध्ये पडून मोबाईल बघणं हा सर्वांत वाईट उपाय. मधल्या भागात मोकळ्या हवेत या आणि दूर क्षितिजाकडे बघा. जहाजावर डॉक्टर असतो, पण दवाखाना फुकट नसतो. प्रवास विमा काढला असेल तर पावती जपून ठेवा.

दिवस कसा जातो

रात्री किंवा सकाळी दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक कागदावर किंवा ॲपवर येतं. त्यातल्या दोन-तीन गोष्टींवर खूण करा आणि बाकीच्या सोडून द्या. सगळं करायला गेलात तर पुन्हा सहा-सात-आठच. शोची जागा आणि खास रेस्टॉरंट पहिल्याच दुपारी राखून ठेवा, संध्याकाळपर्यंत चांगल्या वेळा गेलेल्या असतात. कॅसिनो आणि ड्यूटी फ्री दुकान साधारणपणे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांची हद्द ओलांडल्यावर उघडतं. कॅसिनोत मुलांना प्रवेश नसतो.

खाण्याची आबाळ होत नाही. मुंबईच्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण नीट मिळतं. चव मात्र सगळ्या भारताला एकदम खूश करणारी, म्हणजे पनीर, दाल, पुलाव. आमटी-भाताची आठवण दुसऱ्या दिवशी यायला लागते. बुफेला दुपारी दीडला झुंबड उडते. साडेबाराला किंवा अडीचनंतर जा.

पहाटे डेकवर चक्कर मारा. सहाला फक्त फरशी धुणारे कर्मचारी आणि चालायला आलेली चार आजी-आजोबा मंडळी असतात, आणि चहाची किटली तुमच्या एकट्याच्या मालकीची.

बंदरात उतरल्यावर

गोव्यात जहाज पणजीला लागत नाही, मुरगाव बंदराला लागतं, वास्कोच्या जवळ. हातात जेमतेम एक दिवस असतो. बागा-कळंगुट सोडून द्या, सगळा वेळ गाडीत जाईल. मोठा झुआरी पूल झाल्यापासून जुनं गोवं किंवा मंगेशी-म्हार्दोळ ही एका दिशेची फेरी आरामात बसते. कुलदैवत तिकडचं असेल तर दर्शनही होऊन जातं. फक्त देवळासाठी अंगभर कपडे घाला. फार हिंडायचं नसेल तर बोगमाळोचा किनारा आणि तिथलं नौदलाच्या विमानांचं संग्रहालय जवळ आहे. ते सोमवारी बंद असतं. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवा माइल्स ॲप वापरा किंवा बंदराबाहेरच्या टॅक्सीचा परतीसह भाव आधी ठरवा.

जहाजाची स्वतःची सहल महाग पडते. तिचा एक फायदा असतो: ती बस अडकली तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. 'सगळ्यांनी परत चढायची' वेळ सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते. तिचा फोटो काढा आणि त्याच्याही तासभर आधी बंदरात या. मूळ ओळखपत्र आणि केबिनचं कार्ड दोन्ही जवळ हवं. गोव्यात घेतलेली बाटली परत चढताना एक्स-रेमध्ये दिसते आणि काढून घेतात.

लक्षद्वीपची गोष्ट निराळी. अगत्तीला मोठं जहाज धक्क्याला लागू शकत नाही. ते बाहेर थांबतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या दारातून खालीवर होणाऱ्या बोटीत पाय टाकायचा असतो. हात धरायला माणसं असतात, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी याचा विचार तिकीट काढतानाच करावा. समुद्र खवळला तर उतरणंच रद्द होतं, आणि त्यावर कुणाशी भांडून उपयोग नसतो. बेटावर जायला परवाना लागतो. त्याची व्यवस्था कंपनी करते, पण कागदपत्रं तुम्ही वेळेत पाठवलेली हवीत. अगत्तीवर दारूबंदी आहे. आणि वाळूतला प्रवाळाचा पांढरा तुकडा कितीही गोजिरा दिसला तरी उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्रीच टॅग लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, औषधं आणि ब्रश वर काढून ठेवा. रात्रीच्या कपड्यांत रांगेत उभे राहिलेले गृहस्थ बघायला मिळतात, ते यामुळेच. छोटीच बॅग असेल तर स्वतः घेऊन उतरा, सर्वांत लवकर सुटाल.

बिल रात्रीच मागून एकेक ओळ वाचा. न घेतलेलं पेय किंवा दोनदा लागलेला फोटो सापडला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. सकाळी रिसेप्शनसमोर रांग मोठी असते आणि उतरल्यावर नुसती ईमेलची ये-जा. जोडलेल्या क्रेडिट कार्डावर अडकवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात, त्यामुळे त्याच कार्डावर लगेच दुसरं मोठं बुकिंग ठेवू नका. रोख अनामत असेल तर उरलेले पैसे हातात घेऊनच खाली उतरा.

परतीचं तिकीट सकाळच्या गाडीचं काढू नका. भरती, बंदरातली गर्दी, सामान या सगळ्यात जहाज लागलं तरी बाहेर पडायला दोन-तीन तास सहज जातात. पुण्याला जायचं तर संध्याकाळची पाच दहाची डेक्कन क्वीन धरा.